टार्गेटिंगचा रिप्ले: बूथमध्ये बसलेला माणूस नेमकं काय तपासतो?

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्याहून मास्टर्ससाठी कोलंबसला आले आणि बघता बघता तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कट्टर फॅन झाले. त्यांची तक्रार टार्गेटिंगबद्दल, म्हणजे नियमाने बंदी असलेल्या धोकादायक धडकेबद्दल आहे, आणि थोडक्यात अशी. डिसेंबर 2019 च्या फिएस्टा बोल या मोसमअखेरच्या मोठ्या सामन्यात आमच्या शॉन वेडने क्लेम्सनच्या ट्रेव्हर लॉरेन्सला, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, पाडलं. लॉरेन्स फक्त एक प्ले (एक चाल) बाहेर बसून परत आला, तरी रिप्ले पाहून वेडला सामन्याबाहेर काढलं. डिसेंबर 2022 च्या पीच बोलमध्ये जॉर्जियाच्या जेवॉन बुलार्डने आमच्या मार्विन हॅरिसन ज्युनियरला एंड झोनमध्ये, म्हणजे गोल रेषेपलीकडच्या पट्ट्यात, उडवलं, हॅरिसन कन्कशनमुळे (मेंदूला बसलेल्या मारामुळे) उरलेला सामना खेळूच शकला नाही, पण तिथे पंचाने टाकलेला फ्लॅग, म्हणजे फाउलची खूण, रिप्लेने रद्द केला. मग ही मंडळी रिप्लेमध्ये बघतात तरी काय?

मी अमेरिकेत शाळेच्या आणि छोट्या कॉलेजांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो आहे, नंतर रिप्ले बूथमध्येही, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या खोलीत, बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो. बूथमध्ये ‘धडक किती भयंकर होती’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, ‘समोरच्याला किती लागलं’ हाही नाही. नियमात लिहिलेले दोन-तीन घटक चित्रात दिसतात का, एवढंच तपासायचं असतं. सगळे दिसले तर खेळाडू बाहेर. एक जरी दिसला नाही तर फ्लॅग मागे, मग समोरचा स्ट्रेचरवरून गेला असला तरी.

टार्गेटिंग हे एकच कलम आहे असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कलमं आहेत आणि तुमची दोन उदाहरणं नेमकी त्या दोन कलमांत विभागलेली आहेत.

पहिलं कलम हेल्मेटच्या टाळूचं. हेल्मेटच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून 6 इंच, म्हणजे साधारण 15 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. तो भाग वापरून कोणालाही, अंगावर कुठेही, जोरदार धडक दिली तर टार्गेटिंग. समोरचा बॉल घेऊन पळत असो, सावध असो, फरक पडत नाही. दुसरं कलम असुरक्षित खेळाडूचं. पास फेकत असलेला किंवा नुकताच फेकून झालेला क्वार्टरबॅक, पास झेलायला हात वर केलेला रिसीव्हर, झेल पूर्ण झाला पण स्वतःला सावरायला वेळ मिळाला नाही असा रिसीव्हर, किक झेलणारा, जमिनीवर पडलेला, पाय पुढे टाकून घसरत स्वतःहून खाली बसणारा. यांच्या डोक्यावर किंवा मानेवर हेल्मेट, खांदा, कोपर, हात, कशानेही जोरदार आघात केला तर टार्गेटिंग.

दोन्ही कलमांना आणखी एक अट जोडलेली आहे. नेहमीच्या टॅकलच्या पलीकडे जाऊन धडक मारण्याचं काहीतरी लक्षण दिसायला हवं. जमीन सोडून वर-पुढे झेप घेणं, दबा धरून मग उसळणं, हेल्मेट किंवा खांदा पुढे काढून डोक्याच्या दिशेने जाणं, धडकेआधी मान खाली घालणं, ही नियमपुस्तकात दिलेली लक्षणं. हेतू मात्र शोधायचा नसतो. ‘पोराच्या मनात तसं नव्हतं’ हे साइडलाइनवरचे कोच दर शनिवारी ओरडून सांगतात आणि ते बहुधा खरंच असतं, पण बूथच्या लेखी त्याला काही किंमत नाही.

आता वेडकडे या. 28 डिसेंबर 2019, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा उपांत्य सामना, दुसरा क्वार्टर, ओहायो स्टेट 16-0 पुढे. वेड कडेने क्वार्टरबॅकवर धावून (ब्लिट्झ करत) आला, शेवटच्या क्षणी त्याची मान खाली गेली आणि हेल्मेटची टाळू पुढे आली. लॉरेन्सही थोडा वाकला होता, म्हणून धडक डोक्याशी झाली, हा ओहायोच्या लोकांचा युक्तिवाद मी शेकडो वेळा ऐकला आहे. टाळूच्या कलमात त्याचा उपयोग नाही. धडक डोक्याला बसली की छातीला हा तिथे मुद्दाच नाही. टाळू, जोर आणि खाली गेलेली मान, तिन्ही गोष्टी चित्रात होत्या. रिप्लेनंतर वेड बाहेर गेला, क्लेम्सनला पेनल्टीवर फर्स्ट डाऊन (दहा यार्डांसाठी नव्याने चार प्रयत्न) मिळाला, त्याच ड्राइव्हवर, म्हणजे चढाईत, टचडाऊन झाला, आणि हाफटाइमपर्यंत 16-14. शेवट 29-23 असा क्लेम्सनच्या बाजूने लागला. जखम भळभळणारी आहे हे मान्य, पण निर्णय पुस्तकाप्रमाणे होता.

टाळूचं कलम कोणाला वाचवण्यासाठी आहे हेही लक्षात घ्या. धडक खाणाऱ्याला, पण त्याहून जास्त धडक देणाऱ्याला. मान खाली घातली की मानेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक जातो, ते एका सरळ रेषेत येतात आणि धडकेचा सगळा भार त्यांच्यावर उभा पडतो. 1976 मध्येच एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने डोकं पुढे करून टॅकल करायला बंदी घातली ती मान मोडून अपंग झालेल्या मुलांमुळे. ऑक्टोबर 2010 मध्ये रटगर्सचा एरिक लग्रँड किकऑफवर टॅकल करताना डोकं खाली गेल्यामुळे मानेखाली लुळा पडला. तो धडक देणारा होता. म्हणूनच ‘धडक खाणारा तर उठून पळाला, मग शिक्षा कशाला’ हा प्रश्न टाळूच्या बाबतीत पोकळ ठरतो.

हॅरिसनची गोष्ट दुसऱ्या कलमातली. 31 डिसेंबर 2022, तिसरा क्वार्टर संपत आलेला, थर्ड अँड गोल (तिसरा प्रयत्न, गोल रेषा जवळच). सी. जे. स्ट्राउडचा पास एंड झोनच्या मागच्या बाजूला, हॅरिसन झेलायला वर ताणलेला. असुरक्षित खेळाडू? शंभर टक्के. बुलार्ड वेगाने येतो, धडक होते, हॅरिसन कोसळतो, फ्लॅग पडतो. मैदानावर मी असतो तर मीही फ्लॅग टाकला असता. पण रिप्लेचा निष्कर्ष असा निघाला की डोक्याला किंवा मानेला जोरदार आघात नव्हता. फ्लॅग गेला, ओहायोने फील्ड गोल (किकने तीन गुण) मारून 38-24 केलं, आणि जॉर्जियाने तो सामना 42-41 असा जिंकला.

मग कन्कशन झालं कसं? डोक्याला थेट हात न लागताही मेंदूला मार बसू शकतो. खांदा छातीवर आदळला की धड जागच्या जागी थांबतं आणि डोकं चाबकासारखं झटकतं. खाली पडताना डोकं जमिनीवर आपटतं ते वेगळंच. बूथमध्ये नवीन माणसाला सर्वांत आधी हेच शिकवतात, की डोक्याचा झटका बघून फसू नकोस. झटका हा परिणाम आहे, आपल्याला आघाताची जागा शोधायची आहे. हॅरिसनच्या बाबतीत माझं वैयक्तिक मत विचाराल तर तो निर्णय काठावरचा होता. हेल्मेटशी थोडा स्पर्श झालाच नाही असं मी म्हणणार नाही. पण ‘स्पर्श’ आणि ‘जोरदार आघात’ यांत नियमाने फरक केलेला आहे, आणि आघात झालाच असं छातीठोकपणे सांगता येत नसेल तर बूथला पुष्टी देता येत नाही.

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. मैदानावरच्या पंचाला पुस्तक सांगतं, शंका असेल तर फाउल धर. बूथमधल्या माणसाला पुस्तक सांगतं, एकाही घटकाची खात्री नसेल तर फाउल काढून टाक. एकाच धडकेकडे बघणाऱ्या दोन माणसांना शंकेचा फायदा उलट्या बाजूंना द्यायला सांगितलेला आहे! फॅनला हा सावळागोंधळ वाटतो. पण ते मुद्दाम तसं केलेलं आहे आणि त्यामागे काही वर्षांची ठेच आहे.

2008 मध्ये टार्गेटिंगचे नियम आले तेव्हा फक्त 15 यार्डांची पेनल्टी होती. 2013 मध्ये थेट बाहेर काढण्याची शिक्षा जोडली. पहिल्या हाफमध्ये घडलं तर उरलेला सामना बंद, दुसऱ्या हाफमध्ये घडलं तर उरलेला सामना अधिक पुढच्या सामन्याचा पहिला हाफ. शिक्षा कडक म्हणून रिप्लेची मुभा दिली, पण कशाची? फक्त खेळाडूला परत आणण्याची. म्हणजे रेफरी माइकवर जाहीर करायचा की टार्गेटिंग नव्हतं, खेळाडू खेळेल, आणि तरीही 15 यार्ड पुढे मोजले जायचे. स्टेडियममधला गदारोळ मला अजून ऐकू येतो. एकच मोसम ते चाललं. 2014 पासून फाउल रद्द झाला की यार्डही परत मिळू लागले.

तरी एक पळवाट उरली होती. बूथकडे तीन उत्तरं असायची: पुष्टी, रद्द, किंवा ‘पुरेसा पुरावा नाही, मैदानावरचा निर्णय कायम’. क्रिकेटमधल्या डीआरएसच्या ‘अंपायर्स कॉल’शी हे तिसरं उत्तर जुळतं. एलबीडब्ल्यूत ते चालून जातं, कारण तिथे फक्त एक विकेट जाते. इथे मैदानावरच्या पंचाने शंका असताना, पुस्तकाच्या आज्ञेनेच, फ्लॅग टाकलेला. बूथलाही शंकाच. आणि दोन शंकांच्या जोरावर वीस वर्षांचं पोर बाहेर. कोणालाच खात्री नसताना शिक्षा मात्र पूर्ण. 2019 मध्ये एनसीएएच्या नियम समितीने टार्गेटिंगपुरतं हे तिसरं उत्तर काढून टाकलं. आता पुष्टी किंवा रद्द, मधलं काही नाही. माझ्या मते या नियमाच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती. वेडचा निर्णय आणि हॅरिसनचा निर्णय, दोन्ही या दुरुस्तीनंतरचे आहेत.

याची एक बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. पुष्टीसाठी सगळे घटक चित्रात दिसायला हवेत, म्हणजे निर्णय कॅमेऱ्यांवर अवलंबून राहतो. बूथमध्ये आमचे स्वतःचे कॅमेरे नसतात, सामना दाखवणाऱ्या वाहिनीचे जे अँगल येतात तेच आम्हाला मिळतात. मोठ्या बोल गेमला कॅमेऱ्यांची रेलचेल असते. छोट्या कॉलेजच्या दुपारच्या सामन्यात चार-पाच अँगल मिळाले तरी नशीब. एका सामन्यात पंट (लांब मारलेली किक) झेलणाऱ्यावर धडक झाली, फ्लॅग पडला. साइडलाइनच्या कॅमेऱ्यात दोन्ही हेल्मेट एकमेकांवर चढलेली दिसत होती, बूथमधल्या सगळ्यांचं मत झालं की पोरगा गेला. मग टेक्निशियनने एंड झोनच्या मागचा अँगल लावला. त्यात दोन हेल्मेटांमध्ये चांगली वीतभर फट, आणि टॅकल करणाऱ्याचा खांदा समोरच्याच्या जर्सीवरच्या नंबरात रुतलेला. बाजूच्या कॅमेऱ्याला खोली कळत नाही, त्याला एकामागे एक असलेली दोन डोकी चिकटलेली दिसतात. तो एक अँगल नसता तर? आम्ही चुकीची पुष्टी दिली असती.

बघण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी पूर्ण वेगात, एकदा. मग आघाताचा क्षण पकडून एक-एक फ्रेम मागेपुढे. टाळूचा प्रश्न असेल तर मी हेल्मेटवरची मधली पट्टी बघतो. जाळी आणि कपाळाचा भाग समोरच्याकडे असेल तर डोकं वर आहे, पट्टीचा माथ्यावरचा भाग समोरच्याकडे वळला असेल तर टाळू आली. मग पाय: जमीन सुटली का, आणि सुटली ती आघाताआधी की आघातामुळे? आणि शेवटी परत पूर्ण वेगात. हा शेवटचा भाग टीव्हीवर तुम्हाला दिसत नाही, कारण वाहिनी तोच तुकडा स्लो मोशनमध्ये दहा वेळा फिरवत बसते. जोर किती होता हे स्लो मोशनमध्ये कळत नाही. उलट 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तीच घटना संथ गतीने बघणाऱ्यांना ती जास्त जाणूनबुजून केलेली वाटते, आणि त्यांच्या प्रयोगांत फुटबॉलचा टॅकलही होता. तुमच्या सोफ्यावर बसून तुम्ही जे ठरवता त्यात या स्लो मोशनचा वाटा मोठा असतो. हे सगळं दोन मिनिटांच्या आत आवरावं अशी अपेक्षा 2020 पासून आहे. हेडसेटवर रेफरी ‘काय झालं?’ विचारत असतो आणि खाली हजारो लोक हुर्यो उडवत असतात, त्यात दोन मिनिटं फार लवकर जातात.

फ्लॅगच पडला नसेल तर? 2016 पासून बूथला स्वतःहून टार्गेटिंग लावण्याचा अधिकार आहे, पण तो ढळढळीत, सुटूच नये अशा धडकेसाठी. 1 जानेवारी 2025 चा पीच बोल आठवा. टेक्सस आणि अॅरिझोना स्टेट 24-24, एक मिनिटाच्या आसपास वेळ शिल्लक, थर्ड अँड 15 (तिसरा प्रयत्न, 15 यार्ड हवेत). अॅरिझोना स्टेटच्या मेलक्वान स्टोव्हलवर टेक्ससच्या मायकल टाफची धडक, हेल्मेटला हेल्मेट. फ्लॅग नाही. बूथने खेळ थांबवून पाहिलं आणि टार्गेटिंग नाही असं सांगितलं. दिलं असतं तर 15 यार्ड आणि फर्स्ट डाऊन अॅरिझोना स्टेटला मिळाले असते. सामना दोन ओव्हरटाइमनंतर टेक्ससने 39-31 असा जिंकला. अॅरिझोना स्टेटच्या कॉन्फरन्सचे (संघांच्या गटाचे), म्हणजे बिग 12 चे कमिशनर ब्रेट योरमार्क यांनी त्यानंतर पंचगिरीला देशभर एकच मापदंड हवा अशी मागणी केली. मी तो तुकडा पुष्कळदा पाहिला आहे आणि मला तिथे टार्गेटिंग दिसतं. रिसीव्हर नुकताच झेल घेऊन वळत होता, म्हणजे असुरक्षित, आघात डोक्याला होता. लक्षणाच्या घटकावर माझ्या ओळखीचे चांगले चांगले पंचही अडखळतात, आणि फ्लॅग नसताना बूथला पायरी उंच चढायची असते हेही खरं. तरीही मी ते दिलं असतं.

पुढच्या सामन्यावर जाणारी शिक्षा हा वेगळा दुखरा भाग आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये एलएसयूचा (लुइझियाना स्टेटचा) डेव्हिन व्हाइट मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये बाहेर गेला. पुढचा सामना अलाबामाशी, त्याचा पहिला हाफ बंद. अपील करायला जागाच नव्हती. चिडलेल्या चाहत्यांनी बर्मिंगहॅममध्ये, जिथे त्यांच्या कॉन्फरन्सचं मुख्यालय आहे, त्याला सोडा म्हणून मोठे फलक लावले! उपयोग झाला नाही. व्हाइट मैदानात आला तोवर अलाबामा 16-0 पुढे होतं, शेवटी 29-0. 2022 पासून दुसऱ्या हाफमधल्या टार्गेटिंगसाठी कॉन्फरन्सला राष्ट्रीय पंच समन्वयकाकडे फेरतपासणी मागता येऊ लागली. निर्णय स्पष्टपणे चुकीचा असेल तरच पुढचा हाफ मोकळा होतो. हॅरिसनच्या बाबतीत ही बाजूही विचारात घ्या. फ्लॅग कायम राहिला असता तर बुलार्ड राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्याचा पहिला हाफ बाहेर बसला असता. तो खेळला, दोन इंटरसेप्शन केले (समोरच्या संघाचे पास मध्येच झेलले) आणि बचावातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या सामन्यावर जाणाऱ्या शिक्षेच्या मापात समिती अधूनमधून बदल करत असते, तेव्हा चालू मोसमाचं नियमपुस्तक पाहूनच मित्रांशी पैज लावा.

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये अशा धडकेला आपोआप बाहेर काढत नाहीत, मग इथेच का, असंही तुम्ही विचारलं आहे. तिथे लीग नंतर दंड ठोकते, हजारो डॉलरचा. कॉलेजच्या पोराला दंड कसला करणार? हा नियम आला तेव्हा त्याला पगारच नव्हता. त्याच्याकडून काढून घेण्यासारखी एकच गोष्ट होती, खेळण्याचा वेळ. आणि तो मुद्दा लागू पडला हे मी मैदानावर पाहिलं आहे. आजचे बचावपटू रिसीव्हरच्या मांड्यांकडे खांदा नेतात, डोकं बाजूला ठेवतात. कोच सरावातच ते घोटून घेतात, कारण बाहेर बसलेला सेफ्टी (मागचा बचावपटू) त्यांच्या काही कामाचा नसतो.

काही कोच दोन पायऱ्या मागतात: साध्या टार्गेटिंगला फक्त यार्ड, गंभीर असेल तर बाहेर. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मग बूथला घटक मोजून भागणार नाही, गांभीर्य मोजावं लागेल. आज ‘टाळू लागली का’ यावर भांडण होतं, उद्या ‘किती वाईट लागली’ यावर होईल, आणि त्याला कोणतीही फ्रेम उत्तर देऊ शकत नाही. तुमच्या वेडला तेव्हा पहिल्या पायरीवर सोडलं असतं असं तुम्हाला वाटतंय ना? क्लेम्सनवाल्यांना विचारून बघा.

पुढच्या वेळी सामना बघताना रेफरीची घोषणा नीट ऐका. तो नुसतं ‘पर्सनल फाउल, टार्गेटिंग’ म्हणाला आणि बूथने ते रद्द केलं तर 15 यार्डही जातात. ‘रफिंग द पासर, विथ टार्गेटिंग’ म्हणाला असेल तर ते दोन फाउल आहेत. टार्गेटिंग उडालं, पोरगा खेळत राहिला, तरी रफिंगचे 15 यार्ड आणि फर्स्ट डाऊन तसेच राहतात. दर मोसमात यावरून बारमध्ये कोणीतरी टीव्हीवर खेकसत असतो.